घाऊक डायल-अप सेवेतील ग्राहक-ओळख : यंत्र एकाचे, ग्राहक दुसऱ्याचा

नवी दिल्ली : अमेरिकेतील ‘एओएल’ या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली. टेलिफोनच्या तारेवरून कर्कश आवाज करीत जुळणारी ही जोडणी भारतीय घरांतून त्याच्या कितीतरी आधी नाहीशी झाली होती. तथापि, या सेवेच्या ऐन भरात अभियंत्यांपुढे उभा राहिलेला एक प्रश्न आजही जुना झालेला नाही. ग्राहक ज्या यंत्राला जोडला जातो ते यंत्र एका कंपनीचे आणि ग्राहक मात्र दुसऱ्याच कंपनीचा, अशी स्थिती असेल, तर तो ग्राहक खरा आहे हे कोणी आणि कोणाच्या शब्दावर ठरवायचे? विद्यापीठांतील वाय-फायपासून सार्वजनिक वाय-फाय केंद्रांपर्यंत अनेक व्यवस्था त्या प्रश्नाला तेव्हा मिळालेल्या उत्तरावरच उभ्या आहेत. त्या उत्तरातील बलस्थाने आणि उणिवा यांचा हा आढावा.

घाऊक आणि किरकोळ यांची फारकत

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. नोव्हेंबर १९९८ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि परवान्यांचे तीन वर्ग करण्यात आले. ‘अ’ वर्ग संपूर्ण देशासाठी, ‘ब’ वर्ग एखाद्या दूरसंचार परिमंडळासाठी किंवा महानगरासाठी आणि ‘क’ वर्ग दुय्यम स्विचिंग क्षेत्रापुरता, म्हणजे साधारणपणे एखाद्या जिल्ह्याएवढ्या भागासाठी होता.

डायल-अप सेवेचे अर्थकारण मोडेमांच्या संख्येवर चालत असे. एक कॉल सुरू असेतो एक मोडेम अडकलेला असे. दूरध्वनी केंद्राकडून येणाऱ्या एका ई-१ वाहिनीवर ३० कॉल सामावत. सर्व ग्राहक एकाच वेळी फोन लावत नाहीत, हे गृहीत धरून साधारणतः दहा ग्राहकांमागे एक मोडेम, असे प्रमाण राखले जाई. प्रत्येक गावी मोडेम, वाहिन्या आणि त्यांची देखभाल करणारी माणसे ठेवणे छोट्या कंपनीला परवडणारे नव्हते. त्यातून घाऊक व्यवसाय आकाराला आला. घाऊक पुरवठादाराने मोडेम आणि जाळे उभारायचे, तर किरकोळ पुरवठादाराने स्वतःच्या नावाने ग्राहक जोडायचे, त्यांची बिले काढायची आणि तक्रारी ऐकायच्या.

या फारकतीचे ठळक उदाहरण अमेरिकेत १९९८ च्या सुरुवातीला पाहायला मिळाले. ‘कॉम्प्युसर्व्ह’ ही कंपनी ‘वर्ल्डकॉम’ने घेतली, तिचे जाळे स्वतःकडे ठेवले आणि ग्राहकांचा व्यवसाय ‘एओएल’कडे सोपवला. एकाच कंपनीचे ग्राहक एकीकडे आणि यंत्रे दुसरीकडे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये ‘डिक्सन्स’ या दुकानांच्या साखळीने ‘फ्रीसर्व्ह’ ही विनावर्गणी सेवा सुरू केली. ग्राहक या किरकोळ विक्रेत्याचे, तर जाळे ‘एनर्जिस’ या दूरसंचार कंपनीचे होते.

फोन लागल्यापासून परवानगीपर्यंत

ग्राहकाचा फोन ज्या यंत्रावर येऊन थांबतो, त्याला नेटवर्क अॅक्सेस सर्व्हर म्हणतात. दोन्ही मोडेम जुळले की पीपीपी या संकेतप्रणालीनुसार बोलणी सुरू होतात. आधी जोडणीच्या अटी ठरतात, नंतर ओळख पटवली जाते आणि ती पटल्यावरच आयपी पत्ता मिळतो. या क्रमाला महत्त्व आहे, कारण ओळख पटण्यापूर्वी ग्राहक इंटरनेटवर आलेलाच नसतो.

अॅक्सेस सर्व्हरकडे ग्राहकांची यादी नसते. ती प्रत्येक यंत्रात ठेवणे अव्यवहार्यही होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ‘मेरिट नेटवर्क’ला १९९१ मध्ये हीच अडचण भेडसावत होती. तिच्या मागणीला प्रतिसाद म्हणून ‘लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस’ने जी पद्धत तयार केली, ती ‘रेडियस’ या नावाने जगभर पसरली. तिचे प्रमाणित रूप जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, तर आजही आधारभूत मानले जाणारे आरएफसी २८६५ आणि २८६६ हे दस्तऐवज जून २००० मधील आहेत.

रेडियसचे काम मोजक्या संदेशांत आटोपते. अॅक्सेस सर्व्हर प्रवेशाची विनंती पाठवतो. तिच्यात वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड किंवा त्याऐवजी दिलेला पुरावा, कोणत्या पोर्टवर कॉल आला आणि दूरध्वनी केंद्राने माहिती दिली असल्यास कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकाला फोन लावला गेला, हे तपशील असतात. रेडियस सर्व्हर ‘स्वीकार’, ‘नकार’ किंवा ‘आणखी पुरावा द्या’ यांपैकी एक उत्तर देतो. स्वीकाराबरोबर काही अटीही येतात : जोडणी जास्तीत जास्त किती वेळ ठेवायची, ग्राहक काहीच करीत नसेल तर ती केव्हा तोडायची, कोणता पत्ता द्यायचा. खात्यात तीनच तास शिल्लक असलेल्या ग्राहकाची जोडणी तीन तासांनी आपोआप तुटते ती याच अटीमुळे.

नावामागचा पत्ता

घाऊक व्यवस्थेत या साखळीत आणखी एक कडी येते. घाऊक पुरवठादाराच्या सर्व्हरला ग्राहक माहीत नसतो. तो कोणाचा, एवढेच त्याला ओळखायचे असते. त्यासाठी वापरकर्त्याच्या नावामागे किरकोळ कंपनीचे नाव जोडण्याची पद्धत रूढ झाली. ई-मेलच्या पत्त्याप्रमाणे मध्ये ‘अॅट’चे चिन्ह असते आणि त्यानंतरच्या भागाला ‘रिअल्म’ म्हणतात. जानेवारी १९९९ मध्ये या रचनेला प्रमाणित स्वरूप मिळाले. घाऊक सर्व्हर रिअल्म वाचतो, संबंधित कंपनीच्या सर्व्हरकडे विनंती पुढे धाडतो आणि आलेले उत्तर अॅक्सेस सर्व्हरला पोहोचवतो. या भूमिकेतील सर्व्हरला प्रॉक्सी म्हणतात.

दुसरा मार्ग फोन क्रमांकाचा. प्रत्येक किरकोळ कंपनीला वेगळा क्रमांक दिला, तर कोणत्या क्रमांकावर कॉल आला यावरूनच विनंती कोठे पाठवायची हे ठरते. ग्राहकाला रिअल्म लिहावा लागत नाही आणि तो लिहिताना होणाऱ्या चुकाही टळतात. मात्र प्रत्येक शहरात प्रत्येक कंपनीसाठी स्वतंत्र क्रमांक राखून ठेवावा लागतो. अनेक पुरवठादार दोन्ही मार्ग एकत्र वापरत.

पुढे पाठवताना रिअल्म काढून टाकायचा की तसाच ठेवायचा, ही बाब क्षुल्लक वाटली तरी करारातच ठरवावी लागे. एका बाजूने तो काढला आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण नाव अपेक्षित असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रत्येक ग्राहकाला नकार मिळे.

पॅप की चॅप

पासवर्ड पडताळण्याच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. पॅप या पद्धतीत ग्राहकाचा संगणक पासवर्ड उघड स्वरूपात अॅक्सेस सर्व्हरला सांगतो. चॅप या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. सर्व्हर एक यादृच्छिक आव्हान पाठवतो, ग्राहकाचा संगणक त्या आव्हानाचा व पासवर्डचा मिळून एमडी५ या गणिती क्रियेने ठसा काढतो आणि तेवढाच परत धाडतो.

वरकरणी चॅप अधिक सुरक्षित वाटते. पण तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तोच ठसा स्वतः काढून पाहता यावा, यासाठी किरकोळ कंपनीच्या सर्व्हरला मूळ पासवर्ड वाचता येईल अशा रूपात साठवावा लागतो. त्या सर्व्हरमध्ये कोणी घुसले, तर सगळ्या ग्राहकांचे पासवर्ड एकदम हाती लागतात. पॅपमध्ये सर्व्हरने केवळ ठसा साठवला तरी भागते. मात्र पासवर्ड वाटेत उघडा पडण्याची भीती राहते.

घाऊक व्यवस्थेत ही भीती दुणावते. रेडियस संदेशातील पॅपचा पासवर्ड दोन सर्व्हरमधील सामायिक गुप्त शब्दाच्या आधारे झाकलेला असतो. परंतु हा गुप्त शब्द प्रत्येक टप्प्याचा वेगळा असतो. त्यामुळे प्रॉक्सीला आलेला पासवर्ड उलगडून पुढच्या टप्प्याच्या गुप्त शब्दाने पुन्हा झाकावा लागतो. याचा अर्थ, घाऊक पुरवठादाराच्या सर्व्हरपुढे दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाचा पासवर्ड क्षणभर का होईना, उघडा असतो. जून १९९९ मधील आरएफसी २६०७ या दस्तऐवजात प्रॉक्सी साखळीच्या अशा धोक्यांची नोंद आहे. करारातील गोपनीयतेच्या कलमाला त्यामुळेच तांत्रिक सोयीइतके महत्त्व होते.

मध्यस्थाने काय स्वीकारावे

विश्वासाचा प्रश्न उलट दिशेनेही उभा राहतो. किरकोळ कंपनीच्या सर्व्हरने स्वीकाराबरोबर पाठवलेल्या अटी घाऊक पुरवठादाराने जशाच्या तशा मानल्या, तर त्याच्या जाळ्याचे नियंत्रण बाहेरच्या हाती जाते. एखाद्या उत्तरात चुकून दुसऱ्याच्या वाट्याचा आयपी पत्ता दिलेला असेल, तर दोन ग्राहकांची जोडणी बिघडते. म्हणून प्रॉक्सीवर अटींची चाळणी लावली जाते. वेळेच्या मर्यादा मान्य करायच्या, पत्ता ठरलेल्या गटातील असेल तरच द्यायचा आणि उरलेल्या सूचना गाळायच्या, असा साधारण नियम असतो.

कोणत्या सर्व्हरचे ऐकायचे, यालाही कडक नियम आहे. रेडियस सर्व्हर विनंती करणाऱ्याला त्याच्या आयपी पत्त्यावरून ओळखतो. पत्ता यादीत नसेल, तर नकारही न देता विनंती टाकून दिली जाते. गुप्त शब्द किमान १६ अक्षरांचा असावा, अशी शिफारस प्रमाणित दस्तऐवजात आहे. सर्व ग्राहक-कंपन्यांसाठी एकच सोपा शब्द वापरण्याचा मोह टाळणे, हा या कामातील पहिला धडा मानला जातो.

सर्व्हर मौन धरतो तेव्हा

रेडियसचे संदेश यूडीपीवरून जातात. या वाहतुकीत पोहोच मिळण्याची हमी नसते. ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही, तर अॅक्सेस सर्व्हर विनंती पुन्हा पाठवतो आणि मग दुसऱ्या सर्व्हरकडे वळतो. एका किरकोळ कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तर तिच्या ग्राहकांच्या विनंत्या प्रॉक्सीवर साचू लागतात. प्रत्येक संदेशाचा ओळख क्रमांक अवघ्या आठ बिटांचा असल्याने एका पोर्टवरून एकाच सर्व्हरकडे एका वेळी २५६ विनंत्याच प्रलंबित राहू शकतात. नियोजन नीट नसेल, तर एका कंपनीच्या बिघाडात इतर कंपन्यांचे ग्राहकही ताटकळतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रिअल्मसाठी स्वतंत्र रांग ठेवणे, मृत सर्व्हर ओळखून त्याला काही काळ वगळणे आणि प्रत्येक कंपनीकडून किमान दोन सर्व्हरची अट घालणे.

नकार आणि मौन यांतील फरक ग्राहकाला मात्र कळत नाही. विंडोज संगणकावर अनेकदा दोन्ही प्रसंगी ‘६९१’ हाच त्रुटी क्रमांक दिसे. नाव किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचे तो सांगत असे. परिणामी सर्व्हर बंद असताना ग्राहक पुनःपुन्हा पासवर्ड टाकत, मदत केंद्राला फोन करीत, प्रसंगी तो बदलूनही घेत. म्हणूनच मदत केंद्रातील कर्मचाऱ्याला ‘नकार आला की उत्तरच आले नाही’ हे नोंदीत पाहता येणे, ही चांगल्या घाऊक सेवेची खूण होती.

नोंदींवर उभा हिशेब

परवानगीनंतर हिशेबाचे संदेश सुरू होतात. जोडणी सुरू झाल्याची एक नोंद, ती संपल्याची दुसरी आणि गरजेनुसार मधल्या काळातील नोंदी. अखेरच्या नोंदीत एकूण सेकंद, आलेला व गेलेला डेटा आणि जोडणी तुटण्याचे कारण असते. घाऊक पुरवठादाराचे किरकोळ कंपनीला जाणारे बिल आणि त्या कंपनीचे ग्राहकाला जाणारे बिल, दोन्ही याच नोंदींवर आधारलेली असतात. त्यामुळे ती नोंद दोघांकडे पोहोचणे आणि दोघांकडे सारखीच असणे अत्यावश्यक ठरते.

अडचण येते ती नोंद हरवल्यावर. जोडणी संपल्याचा संदेश वाटेत गहाळ झाला, तर कागदोपत्री ग्राहक जोडलेलाच राहतो. ‘एका खात्यावर एका वेळी एकच जोडणी’ असा नियम असेल, तर या भुताटकीच्या जोडणीमुळे खऱ्या ग्राहकाला प्रवेश नाकारला जातो. हा नियम राखण्याची सोय मूळ रेडियसमध्ये नाही. कोण जोडलेले आहे याची यादी सर्व्हरला स्वतंत्रपणे ठेवावी लागते. म्हणून केवळ यादीवर न विसंबता अॅक्सेस सर्व्हरला विचारून खातरजमा करणे, मधल्या नोंदी बंद पडल्यास जोडणी संपली असे मानणे आणि यंत्र नव्याने सुरू झाल्याचा संदेश येताच त्यावरील सर्व जुन्या जोडण्या मिटवणे, ही पथ्ये पाळली जातात.

तरीही हा नियम सोडून देता येत नाही. एक पासवर्ड दहा जणांनी वाटून घेतला, तर किरकोळ कंपनीला पैसे एका ग्राहकाचे मिळतात आणि मोडेम दहा अडकतात. घाऊक पुरवठादार त्यासाठी आणखी एक मर्यादा घालतो : कंपनीने जेवढ्या पोर्टचे पैसे भरले तेवढेच तिचे ग्राहक एका वेळी आत. मर्यादा गाठल्यानंतर येणाऱ्या विनंत्या किरकोळ कंपनीकडे न पाठवताच नाकारल्या जातात.

चुकीच्या नोंदीची किंमत

हिशेबाच्या नोंदीचा उपयोग बिलापुरता राहत नाही. एखाद्या आयपी पत्त्यावरून गुन्हा घडला, तर त्या क्षणी तो पत्ता कोणाकडे होता, हे याच नोंदी सांगतात. डायल-अपमध्ये पत्ता कायमचा नसतो. एका ग्राहकाने फोन ठेवला की काही मिनिटांत तोच पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो. त्यामुळे वेळेतील छोटी चूकही निरपराध माणसाकडे बोट दाखवते. जागतिक प्रमाणवेळ आणि भारतीय वेळ यांत साडेपाच तासांचे अंतर आहे. घाऊक पुरवठादाराची नोंद एका वेळेत आणि किरकोळ कंपनीची दुसऱ्या वेळेत असेल, तर गोंधळ अटळ होतो.

हा धोका काल्पनिक नाही. ऑगस्ट २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयी समाजमाध्यमावर आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूतील एका तरुण अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्याशी जोडून दिलेला तपशील चुकीचा असल्याचे नंतर निष्पन्न झाले. तोवर त्याला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले होते. हे प्रकरण घाऊक डायल-अपचे नव्हते. मात्र पत्ता, वेळ आणि ग्राहक यांची सांगड चुकली तर काय होते, हे त्यातून दिसले.

यासंबंधीचे नियम पुढे कठोर होत गेले. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यातील अट बदलून आयपी जोडणीच्या नोंदी जतन करण्याचा किमान कालावधी एक वर्षावरून दोन वर्षे केला. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास, तसेच यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले.

तीस वर्षांनी उघड झालेली फट

रेडियसचा पाया घातला गेला तेव्हा एमडी५ ही क्रिया भक्कम मानली जात होती. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी ‘ब्लास्ट-रेडियस’ या नावाने एक हल्ला जाहीर केला. अॅक्सेस सर्व्हर आणि रेडियस सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर असलेल्या हल्लेखोराला पासवर्ड किंवा गुप्त शब्द माहीत नसतानाही ‘नकार’चे रूपांतर ‘स्वीकार’मध्ये करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पॅप आणि चॅप या दोन्ही पद्धती त्याच्या कक्षेत येतात. तातडीचा उपाय म्हणून प्रत्येक संदेशात ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ ही अतिरिक्त मोहोर सक्तीची करण्याची, तर कायमचा उपाय म्हणून रेडियसची सर्व वाहतूक टीएलएसच्या संरक्षित वाहिनीतून नेण्याची शिफारस करण्यात आली. टीएलएसची रीत मे २०१२ मध्येच लिहिली गेली होती; अनेक जाळी मात्र जुन्या पद्धतीवरच चालू राहिली.

वारसा

डायल-अप संपले तरी यंत्र एकाचे आणि ग्राहक दुसऱ्याचा, ही रचना टिकून आहे. विद्यापीठांच्या ‘एज्युरोम’ या जागतिक वाय-फाय सेवेत पाहुण्या संशोधकाची विनंती रिअल्मवरून त्याच्या मूळ संस्थेकडे जाते; भारतात तिचे संचालन ‘अर्नेट इंडिया’ करते. तेथे पासवर्ड संरक्षित आवरणातून थेट मूळ संस्थेपर्यंत जात असल्याने मधल्या प्रॉक्सीला तो दिसत नाही. डायल-अपच्या काळातील मोठी उणीव अशा रीतीने भरून निघाली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेतही कामांची अशीच विभागणी आहे. वाय-फाय केंद्र दुकानदाराचे, प्रवेशाची परवानगी आणि हिशेब त्यांना एकत्र आणणाऱ्या संस्थेकडे आणि ग्राहकाची नोंदणी व ओळख अॅप पुरवठादाराकडे असते. चहाच्या टपरीवर मोबाइल जोडणाऱ्याला यातील काहीच जाणवत नाही. पण त्याच्या नावाची नोंद कोणाकडे आहे, ती कोणत्या घड्याळाने लिहिली गेली आणि वाटेत ती कोणाला वाचता येते, हे तीन प्रश्न मोडेमच्या जमान्यात होते तेच आजही आहेत.